भुवईवरील डाग

तोरणा आणि राजगड या दोन किल्ल्यांच्या आसपासच्या मुलुखांत, म्हणजे वेल्ह्याच्या कानद खोऱ्यांत व गुंजण मावळांत, डोकें आणि डोळा एकदम दुखूं लागला म्हणजे भुवईवर किंवा कानशिलावर डाग घेण्याची चाल जुन्या पिढीपर्यंत चालत आली होती. ही चाल एकट्या मावळची नव्हे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, कोंकणांत आणि देशावर, तापविलेल्या सळईनें किंवा बिब्ब्याच्या तेलानें कातडी पोळविण्याचा हा उपाय खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक होता. कोठें डागाऐवजीं कपाळावर फासण्या टाकून वैदू तुंबडी लावी, कोठें जळवा लावीत. पण तऱ्हा एकच, दुखतें त्या जागींच घाव घालावयाचा. शहरांतील शिकलेला मनुष्य असा डाग पाहिला कीं त्यास अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. आमच्या मतें हा निकाल फार उतावळा आहे. हा उपाय शास्त्रांतून खेड्यांत उतरला, कीं खेड्यांतून शास्त्रांत चढला, याचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पण तो शास्त्रांत आहे, आणि मोठ्या मानाच्या जागीं आहे. फरक इतकाच कीं, शास्त्रांत त्या डागाच्या अगोदर एक भला मोठा विचार होता, आणि तो खेड्याच्या वाटेवर कोठें तरी गळून पडला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. मस्तकाचे रोग आणि अधिमंथ नांवाचा डोळ्याचा रोग यांवर भुवई, कपाळ व शंखप्रदेश म्हणजे कानशिलें या जागीं दहन करावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. वाग्भटही अधिमंथावर भुवयांच्या वर डाग द्यावयास सांगतो. मात्र दुसऱ्या सर्व उपायांनीं तो शमला नाहीं तरच. म्हणजे वाग्भटाच्या हातीं डाग हा शेवटचा उपाय होता; आमच्या गांवांतून तो बहुधा पहिला झाला. हे दोन्ही ग्रंथ मराठी मुलुखाच्या अगदीं हातचे आहेत. वाग्भटाचें अष्टांगहृदय डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं संपादून मुंबईस १८८० सालीं छापून घेतलें, आणि सुश्रुताची यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यांतून १९१५ सालीं बाहेर पडली. ज्यास हें पडताळून पाहावयाचें असेल त्यास दूर जाण्याचें कारण नाहीं.

परंतु डागापेक्षांही महत्त्वाची गोष्ट म्हणजे या ग्रंथकारांनीं डोळ्याभोंवतींच्या दुखण्याचे केलेले भेद. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत मस्तकाचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांतील सूर्यावर्त सूर्योदयाबरोबर डोळा व भुवई यांत हलकेंच सुरू होतो, सूर्य चढेल तसा चढतो आणि तो कलला कीं ओसरतो. अनंतवातांत वेदना मानेच्या मागून निघून डोळा, भुवई आणि कानशील येथें येऊन ठाण मांडते व गाल थरथरूं लागतो; त्यावर शीर तोडून रक्त काढावें असें सांगितलें आहे. अर्धावभेदकांत अर्धें डोकें फुटूं लागतें. आपली अर्धशिशी ती हीच. आणि या अकरांच्या बाहेर, नेत्ररोगांच्या प्रकरणांत, अधिमंथ आहे. त्यांत डोळा उपटून काढावा किंवा रवीनें घुसळावा तशी वेदना होते आणि अर्धें मस्तक तिच्याबरोबर ठणकूं लागतें. आजचें शास्त्र ज्यास तीव्र काचबिंदु म्हणतें त्याच्याशीं या वर्णनाचें साम्य अनेक वैद्यांस व डॉक्टरांस जाणवलें आहे, आणि तें वाचणाऱ्यासही जाणवल्याशिवाय राहत नाहीं.

आतां सुश्रुताचें पुढचें वाक्य पाहावें. उपचारांत चूक झाली तर कफाचा अधिमंथ सात रात्रींत, वाताचा सहा रात्रींत, रक्ताचा पांच रात्रींत दृष्टि नाहींशी करतो, आणि पित्ताचा तर तत्काळ करतो, असें तो सांगतो. दोषांची ही वांटणी आज कोणी मानो वा न मानो. पण डोळ्याभोंवतींच्या एका विशिष्ट वेदनेस मुदत आहे, ती टळली तर डोळा जातो, आणि ती मुदत महिन्यांची नसून रात्रींची आहे, हें ज्यानें ओळखलें त्याची निरीक्षणशक्ति असामान्य होती यांत शंका नाहीं. खेड्यांत उतरतांना जें गळून पडलें म्हणून आम्ही वर म्हटलें, तें हेंच. अर्धशिशी, सूर्यावर्त, अनंतवात आणि अधिमंथ हे चारही एका नांवांत बुडाले. डाग तेवढा राहिला आणि रात्रींचा हिशेब विसरला गेला.

मग डागानें लोकांस गुण येत असे तो कसा? येत असे, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. अर्धशिशीचा झटका आपोआपच कांहीं तासांनीं किंवा फार तर तीनचार दिवसांनीं उतरतो. तो उतरणीस लागला असतां दिलेल्या डागास यश फुकट मिळतें. भुवईच्या मागें कपाळाच्या हाडांत पोकळी असते, ती सर्दीनें तुंबली म्हणजे सकाळीं दुखणें सुरू होऊन दुपारीं ऐन भरास येतें आणि सायंकाळीं उतरतें. सूर्यावर्ताचें चित्र याहून निराळें नाहीं, आणि पोकळी वाहती झाली कीं तेंही जातें. तिसरें कारण मावळास विशेष लागू पडणारें आहे. हिंवतापाच्या प्रदेशांत एका भुवईवर ठराविक वेळीं येणारी कळ डॉक्टरांस एके काळीं चांगली परिचयाची होती. इंग्रज तिला भुवईचा हिंवतापच म्हणत आणि क्विनीननें ती थांबवीत. पाळीचा ताप जसा उतरे तशी ही कळही पाळीनें उतरे. शंभरांतील बहुतेक दुखणीं अशीं स्वतःच उतरणारीं असल्यावर डाग देणाऱ्याची कीर्ति वाढली नाहीं तरच नवल! कीर्तीच्या त्या हिशेबांत अधिमंथानें गेलेला डोळा कोणी मांडीत नसे. तो दैवाच्या खात्यावर पडे.

आमच्याकडे धारदार शस्त्र चालविणारे हात नव्हते, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. कावसजी नांवाच्या, इंग्रज सैन्याच्या नोकरींतील गाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें होतें. पुण्याकडील एका कारागिरानें त्याच्याच कपाळाची कातडी उलटवून तें नवें करून दिलें, आणि ती हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका मासिकांत छापली जाऊन साऱ्या युरोपभर गाजली. दोन भुवयांच्या मधली जागा कापून ती जिवंत ठेवणारा हात पुणें प्रांतांत होता. ज्या भोसल्यांची राजधानी वर्षानुवर्षें वेल्ह्याच्या शेजारीं राजगडावर नांदली, त्याच घराण्याच्या तंजावर शाखेंतील दुसऱ्या सरफोजी राजांनीं, ज्यांची कारकीर्द १७९८ पासून १८३२ पर्यंत चालली, आपल्या पदरीं नेत्ररोग्यांची चिकित्सा करविली आणि रोग्यांच्या डोळ्यांचीं चित्रें काढवून टिपणें ठेवविलीं. तीं सरस्वती महाल ग्रंथालयांत आहेत. रोग्याचा डोळा आधीं कसा होता व नंतर कसा झाला हें लिहून ठेवावयाचें, ही साधी दिसणारी गोष्टच डाग देणाऱ्या परंपरेंत नव्हती. आणि जेथें हिशेब नव्हता तेथें शस्त्रही घात करी. सुईनें मोतीबिंदु आंत ढकलणारे फिरस्ते गांवोगांव हिंडत. पट्टी सुटतांच रोग्यास दिसूं लागे, बिदागी मिळे आणि फिरस्ता पुढच्या गांवीं जाई. मागाहून कित्येकांच्या त्याच डोळ्यांत दाब वाढून असह्य ठणका लागे व दृष्टि जाई. मद्रासच्या कर्नल इलियट यांनीं या कृत्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

आतां युरोपकडे वळूं. पण तेथें सुरवातीस आपल्याहून फारसें निराळें दृश्य दिसत नाहीं. वाचकांनीं आपल्या भुवईच्या हाडावरून, नाकाकडच्या बाजूस, बोटाचें टोंक हलकेंच फिरवावें; बहुतेकांस तेथें एक बारीकशी खांच लागेल. त्या खांचेंतून कपाळाचा मज्जातंतु बाहेर पडतो. चौदाव्या लुईचा शस्त्रवैद्य मारेशाल यानें हा तंतु कापून वेदना थांबविण्याचा प्रयत्न अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत केला. १७५६ सालीं फ्रान्सांतील निकोला आंद्रे यानें चेहऱ्याच्या या वीज चमकल्यासारख्या कळेस नांव दिलें आणि ज्या ठिकाणीं तंतु हाडांतून बाहेर येतो तेथें दाहक औषध लावून तो जाळला. म्हणजे सुश्रुताचें दहनच. फक्त सळईच्या जागीं दाहक द्रव आला आणि कातडीच्या जागीं तंतु आला. हा दुसरा बदल लहान नव्हता. वेदना दुखतें त्या जागेची नसून तेथून निघालेल्या वाटेची आहे, ही कल्पना प्रथम येथें शिरली.

पण वाट कोणती? याबद्दल पुढें साठसत्तर वर्षें जो गोंधळ चालला तो मोठा करुण आहे. चेहऱ्यावर दोन मज्जातंतु पसरतात. पांचवा स्पर्श व वेदना मेंदूकडे नेतो. सातवा स्नायूंस हालवितो. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक शस्त्रवैद्यांनीं कळ थांबविण्यासाठीं सातवा तंतु कापला. कळ होती तशीच राहिली, आणि तोंड वांकडें होऊन डोळा मिटेनासा झाला, हें वर आलें. १८२० च्या सुमारास लंडनच्या चार्लस बेल यांनीं, आणि त्याच वेळीं पॅरिसच्या माजेंदी यांनीं, या तंतूंचीं कामें वेगळीं करून दाखविलीं. तेव्हांपासून चाकूस दिशा मिळाली. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत हात डोक्याच्या पुढें धांवल्याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

डोळ्याच्या आंतून निघणाऱ्या वेदनेची, म्हणजे अधिमंथाच्या जातीची, हकीकत याहून सुखाची आहे. १८५१ मध्यें हेल्महोल्ट्झ यांच्या यंत्रामुळें जिवंत मनुष्याच्या डोळ्याचा तळ प्रथमच दिसूं लागला. १८५७ सालीं बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनीं तीव्र काचबिंदूंत बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. डोळ्यांतील पाण्याची कोंडलेली वाट या कापानें मोकळी होते, दाब उतरतो, वेदना थांबते आणि दृष्टि वांचते. वेदना व दृष्टि या दोहोंचा बचाव एकाच कापानें करणारी ही पहिली खात्रीची शस्त्रक्रिया. कापाच्या वेदनेवर क्लोरोफॉर्म १८४७ मध्यें आलेलाच होता. १८८४ मध्यें व्हिएन्नाच्या कोलर यांनीं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखविला, आणि जागा असलेला रोगी शांतपणें शस्त्रक्रिया करून घेऊं लागला.

हें सर्व आमच्या इलाख्यांत यावयास फार काळ लागला नाहीं. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें होतें. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून भायखळ्यास डोळ्यांचें स्वतंत्र रुग्णालय १८६६ च्या सुमारास उभें राहिलें. पुण्यास ससून रुग्णालय १८६७ मध्यें उघडलें. ग्रँट कॉलेजांत नेत्ररोगांचे अध्यापक असलेले हेन्री हर्बर्ट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जुनाट काचबिंदूंत डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाखालीं पाणी झिरपत राहील अशी वाट ठेवण्याची रीत शोधली, आणि इलियट यांनीं मद्रासेस १९०९ मध्यें त्याच कामासाठीं गोल भोंक पाडण्याची आपली शस्त्रक्रिया सुरू केली. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या जगाच्या इतिहासांत मुंबई आणि मद्रास हीं नांवें याप्रमाणें कायमचीं गोंविलीं गेलीं आहेत. मात्र मुंबईपासून तोरण्यापर्यंतचें अंतर कोसांनीं मोजण्यासारखें नव्हतें. वेल्ह्याचा मुलुख तेव्हां भोर संस्थानांत होता, तो १९४८ पर्यंत. पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे खोऱ्यांतून बाहेर पडणेंच कठीण. आणि सुश्रुताच्या पांच, सहा, सात रात्री त्या ओढ्यांच्या अलीकडेच सरून जात.

पांचव्या तंतूच्या कळेवर बाहेरच्या बाहेर तंतु कापल्यानें काम भागत नसे. कापलेला तंतु महिन्यांनीं किंवा वर्षांनीं पुन्हां वाढे आणि कळ परत येई. म्हणून शस्त्रवैद्य वाटेनें आंत आंत जाऊं लागले. १८९१ आणि १८९२ या दोन वर्षांत लंडनचे हॉर्सली, न्यूयॉर्कचे हार्टली आणि जर्मनींतील क्राउझ हे कवटी उघडून कानशिलामागील त्या गांठीपर्यंत पोंचले, जेथें पांचव्या तंतूच्या तिन्ही शाखा एकत्र येतात. १९०० मध्यें अमेरिकेच्या कुशिंग यांनीं ती गांठ काढण्याची रीत पुष्कळ निर्धोक केली. लगेच पुढच्या वर्षीं फिलाडेल्फियाच्या फ्रेझियर यांनीं, स्पिलर यांच्या सूचनेवरून, गांठ न काढतां तिच्यामागील मूळच तोडलें. कापलेलें मूळ पुन्हां वाढत नाहीं. कळ कायमची गेली.

पण येथें या सगळ्या इतिहासांतील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला, आणि त्याच्याजवळ थोडें थांबलें पाहिजे. पांचव्या तंतूची पहिली शाखा भुवईवरून जाते तशीच डोळ्याच्या काचेसारख्या पुढच्या पडद्यासही संवेदना देते. मूळ पूर्ण तोडलें म्हणजे भुवईची कळ जाते आणि डोळाही बधिर होतो. बधिर डोळ्यांत धुळीचा कण गेला तर कळत नाहीं, पापणी वेळेवर मिटत नाहीं, पडदा कोरडा पडतो, त्यावर फूल पडतें, तें सडतें, आणि कळेपासून सुटलेला मनुष्य दृष्टीस मुकतो. वेदना हा डोळ्याचा पहारेकरी आहे. शस्त्रवैद्यानें गोंगाट करणाऱ्यास हांकून देतांना पहारेकऱ्यासही हांकून दिलें होतें. कित्येकांच्या पापण्या म्हणून कडेनें शिवून ठेवाव्या लागत. आणखी कांहींच्या बधिर चेहऱ्यांत दिवसरात्र जळजळ सुरू होई. स्पर्श कळत नाहीं आणि आग मात्र थांबत नाहीं, अशी ही अवस्था मूळच्या कळेपेक्षांही दुःसह असते, आणि तोडलेलें जोडण्याची सोय नसते. फ्रेझियर पुढें पहिल्या शाखेचे धागे राखून बाकीचे तोडूं लागले. १९३८ मध्यें स्वीडनच्या शोक्विस्ट यांनीं त्याहून आंत, मेंदूच्या देठांत, वेदनेचीच वाट तोडून स्पर्श राखण्याचा मार्ग काढला. चाळीस वर्षांचा हा सर्व खटाटोप एका बोटाएवढ्या जागेची संवेदना वांचविण्यासाठीं होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या लोकांविषयीं आदर वाटतो.

न तोडतां कळ घालविण्याचा मार्ग एका निरीक्षणांतून निघाला. बाल्टिमोरचे डँडी कानामागून कवटी उघडून तंतूच्या मुळाशीं जात. पुष्कळ रोग्यांत तेथें एखादी रक्तवाहिनी तंतूवर रेललेली दिसते, असें त्यांनीं १९३४ मध्यें लिहून ठेवलें. तें तीस वर्षें जवळजवळ तसेंच पडून राहिलें. १९६७ च्या सुमारास अमेरिकेंतच जॅनेटा यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं ती रक्तवाहिनी बाजूस सारून मध्यें मऊ गादी घालावयास सुरवात केली. तंतु शाबूत, डोळ्याचा पहारा शाबूत, आणि कळ बंद! आपल्या देशांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग १९४९ मध्यें वेल्लोरास जेकब चँडी यांनीं सुरू केला. त्यानंतरच्या दशकांत मुंबईसही डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांच्या हातून या शास्त्राची स्थापना झाली. १९६२ पासून कार्बामाझेपिन हें औषध या कळेवर वापरांत आलें आणि बहुसंख्य रोग्यांस चाकूची गरजच राहिली नाहीं. भुवईच्या कळेविषयीं एक गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे: पांचव्या तंतूचा हा रोग बहुधा गालांत व जबड्यांत असतो; एकट्या डोळ्याभोंवतीं तो क्वचित् आढळतो. तेव्हां केवळ डोळ्याभोंवतीं दुखतें म्हणून तंतु तोडावयास निघणें हें आजही उतावळेपणाचें होईल. अर्धशिशीवर औषध, तुंबलेल्या पोकळीवर सर्दीचा उपचार आणि तेवढ्यानें न भागल्यास नाकांतून दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया, असे ज्याचे त्याचे मार्ग ठरले आहेत.

चाकूची खरी घाई आहे ती अधिमंथाच्या जातीच्या वेदनेंत. डोळा लाल होतो, दिवा पाहिला तर त्याभोंवतीं रंगीत कडें दिसतें, नजर धुरकट होते, अर्धें डोकें ठणकतें, आणि पुष्कळदां इतकी उलटी होते कीं घरचीं माणसें पोटाचा विकार समजून बसतात. वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, पुण्यापर्यंत पक्की सडक आहे आणि तें अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. सुश्रुतानें ज्या रात्री मोजल्या त्यांच्या जागीं आतां तास मोजतां येतात. दवाखान्यांत प्रथम औषधानें दाब उतरवितात; मग ग्रेफे यांनीं चाकूनें पाडलेली वाट किरणांच्या यंत्रानें, टांचणीच्या टोंकाहूनही लहान भोंकाच्या रूपानें, कांहीं मिनिटांत पाडतात. आणि ज्या डोळ्यास अजून कांहींच झालें नाहीं त्या दुसऱ्या डोळ्यालाही, बहुतेक रोग्यांत, लागलीच तसेंच भोंक पाडून ठेवतात. कारण दोन्ही डोळ्यांची घडण सारखीच असते, आणि न पाडलें तर पुढील कांहीं वर्षांत अशा पुष्कळांच्या दुसऱ्या डोळ्यावरही तोच प्रसंग येतो.